‘मग काल तो कोण होता?’ विचारणारे पाळकसाहेब

गौरव अंकाच्या संपादक मंडळाने मला पाठवलेल्या पत्रात लेखाचा विषयही ठरवून दिला आहे : ‘पाळकसाहेबांचा मनमिळाऊ स्वभाव’. मंडळातील एकाही सद्गृहस्थाने रेव्हरंड शांतवन आवळे यांच्याबरोबर सलग आठवडाभर काम केलेले नाही, हे यावरून उघड होते. मी ताडकळसच्या ख्रिस्ती मंडळीचा चिटणीस म्हणून गेली नऊ वर्षे ते केले आहे. पाळकसाहेबांची एकसष्टी आहे, आनंदाचा प्रसंग आहे, तेव्हा चार गोड शब्द लिहावेत म्हणून मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा कागद फाडला. खोटे लिहिले तर तेच पहिले मला धरतील आणि दुरुस्त करतील. त्यापेक्षा जे घडले ते लिहितो. त्यात मनमिळाऊपणा सापडला तर संपादकांनी खुशाल वेचून घ्यावा.

आमचा परिचय झाला तो अपमानाने. जिल्हा परिषदेच्या शाळेवर माझी ताडकळसला नुकतीच बदली झाली होती. परभणीहून मी दोन गोष्टी घेऊन आलो, एक हार्मोनियम आणि दुसरा भजने रचण्याचा अभिमान. नाताळ जवळ आला होता. पत्र्याच्या छपराच्या त्या छोट्या मंदिरात पहिल्याच रविवारी मला भजन म्हणण्याची विनंती झाली आणि मी स्वतःची ताजी रचना काढली. ‘आज देव बाप झाला’ असे तिचे धृपद होते. दुसऱ्यांदा धृपदावर येतो न येतो तोच पाळकसाहेब खुर्चीवरून उठले, शांतपणे माझ्याजवळ आले आणि त्यांनी पेटीच्या भात्यावर पंजा ठेवला. सूर विव्हळून बंद पडला.

“मास्तर, आवाज लय गोड हाय तुमचा,” ते म्हणाले.

मी मान लववली.

“पण आज बाप झाला म्हंता, मंग काल तो कोण होता?”

“काल देव होता,” मी म्हणालो.

“आन बाप?”

“पुत्र आज जन्मला ना, म्हणून बाप आज झाला.”

“म्हंजे कालपत्तुर त्याला कुणीच नव्हतं?”

सगळी मंडळी माझ्याकडे पाहत होती. तबल्यावरच्या गृहस्थांचा हात तसाच वर राहिला होता. मग पाळकसाहेबांनी पाऊण तास स्वतःच उत्तर दिले, आणि उपासनेनंतर नव्या मास्तरांच्या स्वागतासाठी शिजवलेली डाळ गार झाली. माझे ते भजन आजतागायत पुरे झालेले नाही.

बाहेरच्या वाचकांसाठी त्या पाऊण तासाचा सारांश पाच वाक्यांत सांगतो. पाळकसाहेबांना आजवर तो पाच वाक्यांत सांगता आलेला नाही. प्रभू येशू बेथलेहेमात माणूस म्हणून जन्मला, हे खरे. पण तो देवाचा पुत्र त्या दिवशी झाला नाही. गव्हाणीच्या आधी, मरियेच्या आधी, जग होण्याच्याही आधी तो पुत्रच होता आणि देव त्याचा पिताच होता. बापपण हा देवाला मागाहून मिळालेला हुद्दा नाही. पुत्राला आरंभ असेल तर त्याच्या आधीचा देव एकटा होता, त्याला प्रीती करायला कोणी नव्हते आणि प्रीती करणे तो पुढे कधीतरी शिकला, असे म्हणावे लागेल. हे पाळकसाहेबांना सोसत नाही.

मला त्या वेळी वाटायचे, एवढ्या लहान मंडळीत, जिथे निम्म्या लोकांना अक्षरओळख नाही, तिथे एवढा काथ्याकूट कशासाठी? लोकांनी प्रभूवर विश्वास ठेवला, चांगले वागले, रविवारी आले, की झाले. मी हे त्यांना बोलूनही दाखवले. ते म्हणाले, “अक्षर येत न्हाई म्हणून अक्कल न्हाई का, मास्तर?”

त्यांची शिकवण्याची तऱ्हा अशीच. बाप्तिस्मा मागायला कोणीही आले की बाकीची शिकवण महिनाभर, पण शेवटचा प्रश्न ठरलेला : जग व्हायच्या अगुदर देव काय करायला होता? दिवाळी झाली की आमच्याकडची कितीतरी माणसे ऊस तोडायला जातात. एका वर्षी सोनाबाई नावाच्या विधवा बाईने निघण्याआधी बाप्तिस्मा मागितला. बाई कष्टाळू आणि भाविक. सगळी उत्तरे दिली आणि शेवटच्या प्रश्नावर म्हणाली, “एकटाच बसला आसंल, दुसरं काय करंल?” झाले! पाळकसाहेबांनी बाप्तिस्मा पुढे ढकलला. मी हात जोडले, ट्रक दारात उभा आहे, बाई सहा महिने परत येणार नाही, द्या उरकून. ते ट्रकच्या चाकावर पाय देऊन उभे राहिले आणि बिऱ्हाडे चढत होती, भांडी-अंथरुणे वर फेकली जात होती, त्या गलक्यात सोनाबाईंना शिकवत राहिले. ट्रक सुटला तेव्हा पडता पडता वाचले. मला इतका संताप आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. उन्हाळ्यात तोच ट्रक परत आला. अजून थांबलाही नव्हता, तोच वरून बोचक्यांच्या ढिगामागून सोनाबाई ओरडल्या, “पाळकसाहेब, एकटा नव्हता वो! लेक व्हता त्याच्याजवळ!” पाळकसाहेब चप्पल न घालता धावले. उसाच्या फडात सहा महिने ती बाई तो प्रश्न मनात घोळवत होती. बाप्तिस्म्याच्या दिवशी सोनाबाईंच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी माझ्या एकाही विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर पाहिलेले नाही, हे मला नाइलाजाने लिहावे लागते.

त्यांच्या मायेबद्दलही लिहा, असे संपादक म्हणतात. दुष्काळात तांबड्या ज्वारीवर दिवस काढत सगळा तालुका सरकारी कामावर खडी फोडत होता. तिथे पाळकसाहेब रोज जायचे. आमच्याच गल्लीतल्या एका बौद्ध कुटुंबातली सून तापाने फणफणलेली, आणि तिचा खडीचा ढीग काही भरेना. हे तिच्या शेजारी बसले, हातोडी घेतली आणि आठ दिवस तिचा ढीग भरून दिला. तिच्याकडून कशाची अपेक्षा नव्हती, धर्माची तर नव्हतीच. पण हातोडीबरोबर तोंडही चालू. ती बाई पुढे मला भेटली तेव्हा म्हणाली, “मास्तर, लय चांगला माणूस हाय. पर आमचं डोकं बी फोडलं त्यांनी खडीबरूबर.” आणीबाणीत भलेभले वक्ते मुके झाले होते, आमचे पाळकसाहेब मात्र बोलतच होते. त्यांच्या विषयात सरकारला काही कळत नव्हते, म्हणून वाचले.

आता पेढ्यांचे प्रकरण. हे मी लिहू नये असे माझ्या पत्नीचे, कमलचे म्हणणे आहे, पण गावाला ते तोंडपाठ आहे, तेव्हा लपवून उपयोग नाही. एका वर्षी नाताळ नेमका बाजाराच्या दिवशी आला. घरात मुलगा झाला की बाप पेढे वाटतो, ही आपल्याकडची रीत. मला वाटले, देवाच्या घरचा एवढा मोठा आनंद, तर पेढे आपण का वाटू नयेत? मंडळीला कल्पना फार आवडली. हलवायाकडून दोन परात पेढे आणले. प्रत्येक पेढ्याबरोबर द्यायला मी स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या, ‘देवाला पुत्र झाला. आपण आनंदात सहभागी व्हावे.’ पाळकसाहेब त्या दिवशी सकाळी पोखर्णीच्या दोन कुटुंबांची उपासना घ्यायला गेले होते. त्यांना विचारायचे राहून गेले. खरे सांगायचे तर मी मुद्दामच विचारले नाही.

बाजार आनंदला. मिरचीवाल्याने घेतला, कासाराने घेतला, भांडीवाल्याने दोन घेतले. माझे शाळेतले सहकारी वाघमारे सर, पक्के बौद्ध आणि पक्के मिस्कील, त्यांनी पेढा तोंडात टाकला, चिठ्ठी वाचली आणि म्हणाले, “उशिराच झालं म्हणायचं, मास्तर. एवढं जग करून झालं, मग लेकरू? त्याच्या अगुदर घर सुनंच होतं का?” मी हसण्यावारी नेले. तेवढ्यात पोखर्णीहून परतलेले पाळकसाहेब माझ्या मागे उभे होते. त्यांनी वाघमारे सरांच्या हातातली चिठ्ठी घेतली, वाचली, माझ्याकडे नुसते पाहिले आणि वाघमारे सरांना म्हणाले, “सर, तुमी बरोबर इचारलं. चूक आमची हाय.”

आणि मग ते सगळा बाजार फिरले. एकेका पालापुढे उभे राहून म्हणायचे, “पेढा खा, पेढा चांगला हाय. चिठ्ठी तेवढी वापस द्या, बातमी चुकलीय.” नुसत्या चिठ्ठ्या गोळा करून थांबतील तर ते पाळकसाहेब कसले? प्रत्येकाला खुलासा. देवाला पुत्र आज झाला न्हाई, पुत्र होताच, आज तो माणूस होऊन आपल्यात आला, आनंद त्याचा हाय. मिरचीवाला ऐकता ऐकता दोनदा शिंकला. कासारीण म्हणाली, “पाळकसाहेब, पेढा द्या न्हाईतर खुलासा द्या. दोन्ही एकदम जड व्हायलंय.” मी परात हातात घेऊन त्यांच्या मागून चालत होतो, लाजेने काळाठिक्कर पडलेला. पुढे महिनाभर मी शाळेत शिरलो की वाघमारे सर विचारायचे, “काय मास्तर, आजची बातमी पक्की का?”

त्या दिवशी मी त्यांच्याशी कडाक्याचे भांडलो. एका शब्दासाठी तुम्ही मला गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, असे म्हणालो. ते चिठ्ठ्यांचा गठ्ठा सुतळीने बांधत होते. म्हणाले, “जो बाप झाला, तो बापपण सोडू बी शकतो, मास्तर. मंग आपण कुणाच्या भरवशावर ऱ्हायचं?” मला ते कीस काढणे वाटले. मी चिटणीसपदाचा राजीनामा लिहून दिला. त्यांनी तो वाचला, एक वाक्य दुरुस्त केले आणि परत दिला.

पुढच्या पावसाळ्यात कमलला मुलगा झाला. आमचे पहिले मूल. तो सहा दिवस जगला.

माझी आई पोखर्णीहून बाळंतपणाला आली होती. आमच्या घराने धर्म बदलला तरी बारशाची रीत सुटलेली नाही. बाराव्या दिवशी पाळणा बांधायचा, आत्याने नाव ठेवायचे, तेव्हा ते लेकरू घराचे. त्याच्या आत गेले तर ते मोजत नाहीत. आई कमलच्या केसांवरून हात फिरवत होती आणि वाईट हेतूने नाही, अगदी मायेने सांगत होती, “नाव ठेवलं न्हाई, पाळण्यात घातलं न्हाई. त्याला मोजायचं नसतंय, बाई. पुढच्याला आयुष्य लागंल.” मंडळीचे वडीलजनही तेच म्हणाले, फक्त शास्त्रोक्त शब्दांत. बाप्तिस्मा नाही, नाव नाही, तेव्हा मरणाची घंटा नाही आणि वहीत नोंदही नाही. पाळकसाहेब पाथरीला होते. सकाळी आम्ही तिघा माणसांनी त्याला स्मशानभूमीच्या कुंपणालगत मूठमाती दिली. कमल भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती रडलीही नव्हती. जे मोजायचे नाही त्याच्यासाठी रडायचे कसे, हे तिला कळत नसावे. मलाही कळत नव्हते.

दुपारच्या बसने पाळकसाहेब आले ते पिशवीसकट आमच्या दारात. कमलच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर बसले आणि पाच मिनिटे गप्प राहिले. नऊ वर्षांत मी त्यांना तेवढेच गप्प पाहिले आहे. आईने पाणी दिले आणि त्यांनाही तेच सांगितले, की मोजायचे नसते.

“मोजायचं न्हाई म्हंजे?” त्यांनी विचारले. त्यांचा तो सूर मला पाठ होता. आता सुरू होणार, हे मी ओळखले, आणि माझा तोल गेला.

“पाळकसाहेब, आज नको! तुमचा तो अनादी पुत्र आज घराबाहेर ठेवा. पाया पडतो.”

“आजच, मास्तर,” ते म्हणाले. “आज न्हाई सांगितलं तर आजपत्तुर सांगितलेलं समदं फुकट हाय.” मग ते आईकडे वळले. “आजी, बारशाच्या दिवशी लेकरू पुत्र होतंय का?”

“रीत हाय तशी,” आई म्हणाली.

“रीत राहू द्या. आमच्या प्रभूचं नाव गव्हाणीत आल्यावर ठेवलं. त्याच्या अगुदर तो बापाचा पुत्रच होता. नावानं झाला न्हाई, पाळण्यानं झाला न्हाई, बाप्तिस्मा घेतला तवा बी झाला न्हाई. लोक कवा मोजायला लागले, त्याच्यावर पुत्र असणं ठरत नसतंय.” इथे कोणीही शहाणा माणूस थांबला असता. पाळकसाहेब थांबले नाहीत. “आता देवाचं आन आपलं सारखं न्हाई, हे बी सांगतो. देव कधी बाप झाला न्हाई, तो हायच. मास्तर सहा दिसाखाली झाले. पण एकदा झाले ते झाले. कुणी मोजो, न मोजो.”

त्या घटकेलाही त्यांना हा फरक सांगावासा वाटला, याचा मला आजही राग येतो. माझे मूल गेले होते आणि हे गृहस्थ उपमा कुठे अपुरी पडते ते दाखवत होते! मी त्यांना हाताला धरून उठवणार, इतक्यात त्यांनी आतल्या अंधाऱ्या खोलीकडे तोंड करून हळूच विचारले, “बाई, नाव काय ठेवणार होता?”

नाव आत्या ठेवते. बाळाच्या आईला ते विचारायचे नसते, आणि कमलने ते मलाही कधी सांगितले नव्हते. मग आतून उत्तर आले.

“शमुवेल.”

आणि त्यानंतर कमल रडली. आई तिच्याजवळ गेली, तिला पोटाशी धरले आणि तीही रडली. मोजायचे नसते, हे वाक्य आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारले नाही.

पाळकसाहेबांनी मला मंदिरात नेले. मंडळीची मृत्यूनोंदीची वही काढली आणि माझ्यासमोर लिहिले. नाव, शमुवेल. बाप्तिस्म्याच्या रकान्यात ‘झालेला नाही’ असे लिहिले, कारण खोटे ते लिहीत नाहीत. नात्याच्या रकान्यात माझे आणि कमलचे नाव घालून पुढे लिहिले, ‘यांचा पुत्र’. मग बाहेर जाऊन भर दुपारी स्वतः घंटा वाजवली. कुठे आग लागली म्हणून लोक कळशा घेऊन धावत आले. त्यांना त्यांनी सांगितले, की मास्तरांचा मुलगा शमुवेल आज गेला. लोकांनी कळशा खाली ठेवल्या आणि टोप्या काढल्या.

इथे लेख संपला असता तर बरे झाले असते. पण पाळकसाहेबांच्या बाबतीत काहीच वेळेवर संपत नाही. वर्षातून एकदा आमच्या वह्या तपासायला वरचे अधिकारी येतात. त्यांना ती ओळ दिसली. बाप्तिस्मा नसलेल्याची नोंद नियमात बसत नाही, तांबड्या शाईने खोडा, असे त्यांनी फर्मावले. पाळकसाहेबांनी नकार दिला. त्याच सुमारास त्यांची परभणीच्या मोठ्या मंडळीवर नेमणूक व्हायची होती. तिथे राहायला चांगले घर होते, त्यांच्या पत्नीच्या दम्याला दवाखाना जवळ पडला असता. निरोप आला, आधी ओळ खोडा, मग नेमणुकीचे बोलू.

ते वर्ष आम्ही कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. दर रविवारी उपासना संपली की कमल माझ्याकडे पाहून विचारायची, “हाय का?” मी कपाट उघडून वही काढायचो, पान पाहायचो आणि मान हलवायचो, आहे. मग ती घरी जायची. तिच्याजवळ त्या मुलाचे दुसरे काहीही नव्हते. अंगडेसुद्धा त्याच्याबरोबर गेले होते. जगात तो होऊन गेला याला पुरावा म्हणजे ती एक ओळ.

शेवटी मीच पाळकसाहेबांकडे गेलो. म्हणालो, “खोडा ती ओळ. बाईंना दम लागतो, तुम्ही परभणीला जा. आम्ही समजून घेऊ.” बोलताना मला स्वतःचीच लाज वाटत होती, कारण त्यांनी हो म्हणू नये अशी मनातून माझी इच्छा होती.

“मी खोडलं तरी तो तुमचा पुत्र ऱ्हातोच, मास्तर,” ते म्हणाले. “त्याला काय व्हायचं न्हाई. पण पुत्राला पुत्र न्हाई म्हणायचं काम मी कधी केलं न्हाई. या वयात नवं काम शिकू का?”

दोनदा त्यांना परभणीला समितीपुढे बोलावून समज दिली गेली. तिसऱ्यांदा चिटणीस म्हणून मला बरोबर नेले. आठ वजनदार माणसे टेबलाभोवती बसली होती. अध्यक्ष म्हणाले, “थोडक्यात सांगा.” पाळकसाहेबांनी जग होण्याच्या आधीपासून सुरुवात केली. चहा आला, गार झाला, परत गेला. वह्या तपासणारे अधिकारी कपाळाला हात लावून बसले. दोघे खिडकीतून रस्ता पाहू लागले. इतकी वर्षे मी जे सोसले ते ही मंडळी दीड तास सोसत होती, आणि मला अतोनात आनंद होत होता. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटले, पाळकसाहेब, थांबू नका. बोला. अजून बोला.

अखेर अध्यक्षांनी दोन्ही हात वर केले. “आवळे, राहू द्या ती ओळ. कायमची राहू द्या. पण आता गप्प बसा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आले. आणि पाळकसाहेब काय म्हणाले असतील? “राहू द्या म्हंता, पण कारण पटलं का?” मी त्यांचा कोट धरून ओढत बाहेर आणले. नेमणूक अर्थातच दुसऱ्याला मिळाली. ताडकळसच्याच पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्यांत ते आणि त्यांची पत्नी आजही राहतात, आणि दम्याच्या औषधासाठी त्या माउलीला एसटीने परभणी गाठावी लागते. याबद्दल मी बाईंची क्षमा मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, “आवो, मी त्यांच्याशी लगीन केलंय. मला काय नवीन हाय?”

पुढे आम्हाला दोन मुली झाल्या. दोघींच्या बाप्तिस्म्याला पाळकसाहेबांनी एवढे लांब प्रवचन दिले की थोरली झोपली आणि धाकटी रडून रडून निळी पडली. आम्ही भांडतो. माझी भजने ते अजूनही तपासून देतात आणि मी अजूनही चिडतो. त्यांच्या एकसष्टीनिमित्त प्रभूपाशी माझे एवढेच मागणे आहे, की त्यांना भरपूर आयुष्य द्यावे, गुडघे धड ठेवावेत, बाईंचा दम उतरावा, आणि एखादे वाक्य अर्ध्यावर सोडण्याची बुद्धी त्यांना कधीतरी व्हावी. शेवटचे मागणे मंजूर झाले नाही तरी माझी तक्रार नाही.

संपादक मंडळाने लेखाबरोबर लेखक-परिचयाचा छापील कागदही भरून मागवला आहे. नाव, शिक्षण, नोकरी एवढे मी भरले. ‘अपत्ये’ या शब्दापुढे माझा हात अडला, तेव्हा शेजारी भाजी निवडत बसलेल्या कमलने माझ्या हातातून पेन घेतले आणि आकडा लिहिला. तीन. अक्षर माझे नाही, पण आकडा बरोबर आहे, तो तसाच छापावा. कोणी दोन मुली पाहून तो दुरुस्त केला, तर मी भांडायला येणार नाही. पाळकसाहेबांना पाठवीन.